साखराबाईच्या दुकानातला नमुना

ईश्वरीनं आयुष्यात कधी कोंबडी विकत घेतली नव्हती. नांदूरघाटातच ती लहानाची मोठी झाली. पण मटण गल्लीचं तोंड दिसलं, की तिचे वडील गुरुलिंग आप्पा तिचा हात धरून शाळेमागच्या रस्त्यानं वळायचे. आप्पांचं बाजारपेठेत किराणा दुकान. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग. घरात अंडंसुद्धा कधी आलेलं नव्हतं. अशा घरातली पोर जंतूंचं शास्त्र शिकली आणि बीडच्या सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला लागली, तेव्हा आप्पांनी सगळ्या पेठेत पेढे वाटले. ती पाणी तपासते, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

पाण्याचंच काम होतं आधी. मग दवाखान्यांतून तक्रारी यायला लागल्या. लघवीची साधी जळजळ, बाळंतिणीचा टाका, शेतात लागलेली जखम, असल्या गोष्टी नेहमीच्या औषधांनी बऱ्या होईनात. जंतूच औषधाला जुमानत नव्हते. हे जंतू कुठून कुठून माणसापर्यंत येतात, ते शोधायचं ठरलं, आणि त्यात एक काम निघालं दुकानात विकलं जाणारं मटण-चिकन तपासायचं. प्रयोगशाळेचे प्रमुख राधाकिशन सर. त्यांनी विचारलं, "केज तालुका कोण घेतंय?" नांदूरघाट त्यातच. ईश्वरीनं हात वर केला.

सर जरा घुटमळले. "तुमच्याकडं चालतं का हे? घरचे काही म्हणायचे न्हाईत ना?"

"सर, मी जंतू बघायला जायलेय, जेवायला न्हाई."

बाजाराच्या दिवशी ती मटण गल्लीत शिरली. खांद्याला बर्फाची पेटी, हातात रबरी मोजे. गल्लीतलं पहिलंच दुकान साखराबाईचं. पुढं लाकडी ओंडका, त्यावर सुरा, मागं जाळीच्या खुराड्यात कोंबड्या. साखराबाईचा नवरा हरिबा मागच्या बाजूला पिसं काढत बसलेला. गरम पाण्याचा, पिसांचा आणि रक्ताचा एकत्र वास आला. ईश्वरी पेटी सावरत पुढं झाली.

साखराबाईनं तिच्याकडं निरखून बघितलं. "तुमी गुरुलिंग आप्पाची ईश्वरी न्हाई का?"

"व्हय, मावशी."

"आन् हिकडं? आप्पाला म्हाईत हाय का?"

"आज कळंल."

साखराबाई मोठ्यानं हसली. ईश्वरीनं तिला सगळं नीट सांगितलं. नमुना विकतच घेणार, दुकानाचं नाव कुठं सांगणार नाही, नाही म्हणायचं असलं तर तेही चालेल. साखराबाईनं पदरानं हात पुसले. "न्हाई कावून म्हणू? मी काय चोरी करायलेय? घ्या की." तिनं नेहमीसारखी कोंबडी कापली, तुकडे पिशवीत टाकले. ईश्वरीनं कापसाच्या काडीनं ओंडकाही पुसून घेतला, आणि काडी नळीत बंद केली. तशीच ती गल्लीतल्या बाकी दुकानांत गेली, मग तालुक्यातल्या दुसऱ्या गावांत. कुणी चहा पाजला, कुणी दारातून हाकललं. एकानं तर ती अन्न खात्याची आहे असं समजून सगळा माल झाकून ठेवला आणि दुकानात चिकन मिळतच नाही असं सांगितलं, मागं कोंबड्या ओरडत असताना.

प्रयोगशाळेत ते तुकडे धुतलेलं पाणी काचेच्या थाळ्यांवर पसरलं गेलं. थाळीत औषधाच्या बारीक टिकल्या ठेवतात. जंतू औषधानं मरत असतील, तर टिकलीभोवती मोकळं गोल कडं पडतं. ईश्वरी थाळ्या उजेडात धरून बघत होती. एकीमागून एक थाळी येत होती, आणि जंतू टिकलीला अगदी खेटून वाढले होते. निम्म्याहून जास्त दुकानांचं हेच. त्यातल्या एका औषधाच्या टिकलीलाही जंतू खेटलेले बघून ती खुर्चीत बसली. बाकी सगळं हरलं, की दवाखान्यात शेवटी ते औषध काढतात. तिनं सगळी तपासणी पुन्हा केली. दुसऱ्यांदाही तेच आलं.

अहवाल वर गेला. त्यात एकाही दुकानाचं नाव नव्हतं. पण त्यावरच्या सरकारी बैठकीतलं बोलणं बाहेर फुटलं, पेपरात चार ओळी आल्या आणि मोबाईलवर फिरता फिरता त्या चार ओळींचं भलतंच झालं. 'कोंबडी खाल्ली की औषध लागू होत न्हाई.' नांदूरघाटात तर नाव शोधायची गरजच पडली नाही. ईश्वरीला सगळ्यात आधी साखराबाईच्या दुकानात शिरताना सगळ्या बाजारानं बघितलं होतं.

ईश्वरीची आई बसम्मा हिनं फोन केला. "आप्पा लई खूश हायेत. समाजाची बैठक झाली, तुझा सत्कार करायचा म्हणायलेत. मांसाहार वाईट हे आपल्या पोरीनं शास्त्रानं दाखवून दिलं म्हणून."

"मी असं कुठं दाखवलं?"

बसम्मानं ते सोडून दिलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "ती साखराबाई दुकानावर आलती गं. काही घेतलं न्हाई. म्हणली, आप्पा, तुमच्या पोरीला मी हसून दुकानात घेतलं, आन् आता माझ्या दुकानाकडं कुत्रं फिरकंना. एवढंच बोलली आन् गेली. आप्पा गप बसले. मला काय ते बरं वाटलं न्हाई."

पुढच्या बाजाराला ईश्वरी गावात आली ती घरी गेलीच नाही, आधी मटण गल्लीत गेली. साखराबाई रिकाम्या ओंडक्यासमोर बसलेली होती. ईश्वरीला बघून तिनं तोंड फिरवलं.

"मावशी, मी कुणाला नाव सांगितलं न्हाई."

"सांगायला कशाला पाहिजे? तुमी आलता, हे काय कमी झालं?"

"ते खरंय. माझ्यामुळं झालं." ईश्वरी तिथंच पायरीवर बसली. "मी परत यायला पाहिजे होतं, लोकांच्या आधी तुम्हाला सांगायला पाहिजे होतं. आता सांगते. ऐकणार का?"

साखराबाईनं मान वळवली. मग सरळ डोळ्यांत बघत तिनं विचारलं, "माझ्या मालात निघालं का?"

खोटं बोलणं सोपं होतं. "निघालं," ईश्वरी म्हणाली. "तुमच्यात निघालं आन् लई जणांच्यात निघालं. पण नीट शिजवलं की हे जंतू मरतात. धोका कच्च्याचा हाय. कच्चं धुतलेलं पाणी, तोच सुरा, तेच हात भाजीला लागले, की झालं."

हरिबा मागून पुढं आला होता. तो म्हणाला, "मग आमी दुकान बंदच करावं म्हणा की."

"तुमी गप बसा," साखराबाई त्याला म्हणाली. तिचं ध्यान दुसरीकडंच होतं. "बाई, हे जंतू माझ्या सुऱ्यावर जल्मले, का कोंबडी संगं घेऊनच येती?"

ईश्वरीही त्याच प्रश्नाशी झगडत होती. "ते बघायचं असलं तर कोंबडी गाडीतून उतरताना मला नमुना घ्यावा लागंल. कापायच्या आधी."

"गाडी आता यायचीच हाय," साखराबाई म्हणाली. "थांबा."

गाडी आली ती विजयसिंहांच्या पोल्ट्रीची. गावाबाहेर त्यांच्या मळ्यात लांबच लांब शेड होत्या. गल्लीतल्या सगळ्या दुकानांना माल तिथूनच यायचा. विजयसिंह म्हणजे पंचायतीपासून सोसायटीपर्यंत ज्यांचा शब्द चालायचा असे गृहस्थ. गाडीवाल्यानं कुरकुर केली, तेव्हा साखराबाईनं त्याला सुनावलं, "विकत घेतला माल की माझा झाला का न्हाई? मग माझ्या मालाचं मी बघीन." ईश्वरीनं गाडीतल्या खुराड्यांतल्या विष्ठेचे नमुने घेतले.

परत निघताना तिची नजर गल्लीच्या कोपऱ्यावर गेली. वत्सलाबाई तिथं कोथिंबीर घेऊन बसायची. कोवळी, हिरवीगार कोथिंबीर. मुळांना अजून ओली माती होती, आणि त्या मातीत तांदळाची तुसं चिकटलेली होती. पोल्ट्रीत कोंबड्यांखाली अंथरतात तसली.

"कोथिंबीर कुठली, मावशी?"

"आमच्याच रानातली. विजयसिंहाच्या शेडंला लागून हाय रान. कोंबडखत मिळतं ना, म्हणून तर अशी येती." वत्सलाबाईनं कौतुकानं जुडी झटकली. ईश्वरीनं दोन जुड्या घेतल्या आणि वेगळ्या पिशवीत बंद केल्या. मग आणखी दोन भाजीवाल्यांकडूनही घेतल्या.

निकाल आले, तेव्हा तिनं राधाकिशन सरांना बोलावून थाळ्या दाखवल्या. कोंबड्यांच्या विष्ठेत तेच जंतू, तीच औषधं निकामी. आणि कोथिंबिरीतही तेच. सर थाळीकडं बघत म्हणाले, "आपल्याला फक्त मांस तपासायला सांगितलंय."

"सर, जंतूंना तसं कुणी सांगितलेलं न्हाई."

सरांनी चष्मा काढून पुसला. "लिहून काढा. वर मी पाठवतो. माझ्या सहीनं."

ईश्वरी गावाला गेली. आप्पा दुकानात गल्ल्यावर बसलेले होते. सत्कारासाठी शाल आणून ठेवलेली. तिनं गादीवर बसून त्यांना सगळं सांगितलं. कोंबडी, विष्ठा, खत, आणि शेवटी कोथिंबीर.

"आपल्या बाजारातली कोथिंबीर?" आप्पांनी विचारलं.

"व्हय."

"वत्सलाबाईकडनं तर रोज आपल्याच घरी येती. तुझी आई कच्चीच टाकती कोशिंबिरीत."

आप्पा शालीच्या घडीकडं बघत राहिले. एवढ्यात दारात जीप थांबली आणि विजयसिंह आत आले. पांढरे कपडे, चेहऱ्यावर हसू. त्यांनी आप्पांना रामराम केला, खुर्ची ओढून घेतली.

"ईश्वरीताई, लई नाव काढलं गावाचं. पण आता जरा आवरतं घ्या. माझ्या गाडीतली घाण उचलून नेली म्हणं तुमी. हे कशात बसतं?"

"साखरामावशींनी नेऊ दिली, भाऊ. तुमच्या शेडवर यायचं म्हटलं तर न्याल का मला?"

"कशाला?"

"पिलांच्या पाण्यात काय टाकता, ते बघायला."

विजयसिंह हसले. "औषधाची पूड टाकतो. औषधवाला दुकानदार देतो. पिलं मरत न्हाईत, वजन धरतात. सगळेच टाकतात. मी काय डॉक्टर हाय?" मग हसू जरा कमी झालं. "आप्पा, पोरीला समजावून सांगा. वरच्या साहेबांशी माझं बोलणं असतंय. उगं बदली-बिदली झाली तर पोरीलाच त्रास. आन् माझ्या घरचं, गड्यांचं सगळं सामान तुमच्याकडनंच जातंय की न्हाई?"

ईश्वरीनं बापाकडं बघितलं. आप्पा कधी कुणाशी भांडलेले नव्हते. गिऱ्हाइकाशी तर नाहीच. ते सावकाश उठले, गल्ल्यापुढं आले.

"भाऊ, आमी पिढ्यान् पिढ्या त्या गल्लीतनं गेलो न्हाई. वळसा घालून गेलो. आमाला वाटलं, आमचं ताट चोख हाय." त्यांनी गल्ल्यावर हात टेकला. "आज पोरीनं सांगितलं, तुमच्या कोंबडीचं सगळं आमच्या कोशिंबिरीत आलेलं हाय. मग आता मी पोरीला काय समजावू? सामान तुमी कुठूनबी न्या. पोरीच्या कामाचं मला विचारू नका."

विजयसिंहांना हे अपेक्षित नव्हतं. ते उठले, "बघू," म्हणाले आणि निघून गेले. आप्पा परत गादीवर बसले. ईश्वरीनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

पाणी पिऊन ते म्हणाले, "सत्कार करायचाच. पण मंगल कार्यालयात न्हाई. बाजारात. आन् त्या साखराबाईला बोलवायचं."

समाजातले काही जण रागावले, काही आलेच नाहीत. पण बाजाराच्या दिवशी चौकात मंडप पडला. आप्पा स्वतः मटण गल्लीत गेले. लोक बघत राहिले. साखराबाईच्या दुकानापुढं उभं राहून ते म्हणाले, "चला, बाई. तुमच्याबिगर सुरू करायचं न्हाई." मंडपात त्यांनी तिला पहिल्या रांगेतली खुर्ची दिली.

ईश्वरीनं मोठे फोटो छापून आणले होते. एका फोटोत कच्च्या कोंबडीची थाळी, गुलाबी ठिपक्यांनी गच्च भरलेली. दुसऱ्यात त्याच कोंबडीचा शिजलेला तुकडा; थाळी कोरी. तिनं सोप्या शब्दांत सांगितलं: जंतू कसे हट्टी होतात, कोंबडीला गरज नसताना औषध दिलं की माणसाच्या औषधाची धार कशी जाते. मग तिसरा फोटो वर धरला. "ही आपल्या बाजारातली कोथिंबीर."

मंडपात कुजबुज झाली. मागून एक बाई ओरडली, "तुमी तर कोंबडी खात न्हाई. मग आमाला खा म्हणून कावून सांगायलाव?"

"मी खात न्हाई ते घरची रीत म्हणून," ईश्वरी म्हणाली. "भीतीनं न्हाई. तुमी खाता तर खा, पण नीट शिजवून. आमी कोथिंबीर खातो, तीबी चांगल्या पाण्यानं चारदा धुऊन, न्हाईतर शिजवून. जंतूंना दोघांचं घर सारखंच."

"पण कुणाच्या दुकानात निघालं, ते तर सांगा!" दुसरा एक जण उठला. "लपवता कशाला?"

"ते मी सांगणार न्हाई. तसा शब्द दिलाय."

गलका वाढला. तेव्हा साखराबाई खुर्चीवरून उठली. तिनं पदर खोचला आणि लोकांकडं वळली.

"माझ्या दुकानात निघालं," ती म्हणाली.

लोक तिच्याकडं वळले. हरिबानं खाली मान घातली. साखराबाई मात्र ताठ उभी होती. "हिनं सांगितलं न्हाई, मी सांगायलेय. तुमी म्हणताल, ह्या बाईनं आमाला जंतू खाऊ घातले. मला म्हाईत नव्हतं, आता म्हाईत झालं. लाकडाचा ओंडका मी काढून टाकलाय. दर गिऱ्हाइकामागं सुरा कढत पाण्यात जातोय. कुणी काय नवं सांगितलं तर तेबी करीन. पण ज्यांच्यात निघालं ते बाकीचे गप बसले, आन् मी एकटी बोलले, म्हणून माझंच दुकान बसवायचं असंल, तर बसवा." मग तिनं गर्दीत मागं उभ्या असलेल्या विजयसिंहांकडं बघितलं. "आन् भाऊ, त्या पुडीबिगरची कोंबडी तुमी देताल का न्हाई, ते हितंच सांगा. चार पैसे जास्त पडले तरी मी तीच घेईन."

गल्लीतला दुसरा दुकानदार सटवा उठला. "मीबी तीच घेईन," तो म्हणाला. मग अजून एक उठला. विजयसिंह इकडंतिकडं बघू लागले. भाषण करायची त्यांना सवय होती, पण हे भाषण नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "एका शेडमध्ये करून बघतो. पिलं मेली तर मग मला बोलू नका."

"जनावरांच्या डॉक्टरांना संगं आणते मी," ईश्वरी म्हणाली. "पिलं मरू नयेत म्हणून काय करायचं, ते त्यांना म्हाईत हाय."

शाल ईश्वरीच्या खांद्यावर घालायची होती. आप्पांनी ती तिच्या हातात दिली आणि ईश्वरीनं ती साखराबाईच्या खांद्यावर घातली. साखराबाई म्हणाली, "अगं, मला चिकनाचा वास लागलाय, शाल खराब व्हईल." बसम्मा बायकांतून उठून आली आणि शालीची घडी नीट करत म्हणाली, "होऊ दे."

सगळं काही लगेच सुधारलं नाही. विजयसिंहांनी एक शेड बिनऔषधाची केली, पहिल्या खेपेला बरीच पिलं मेली आणि त्यांनी ईश्वरीला फोनवर खूप ऐकवलं. तिनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना घेऊन शेडवर गेली. कोंबड्यांखालची तुसं कोरडी ठेवणं, पाण्याच्या टाक्या धुणं, लस वेळेवर देणं असं करत पुढची खेप जगली. त्या शेडच्या कोंबड्यांमध्ये हट्टी जंतू कमी निघाले. गेले मात्र नाहीत. ईश्वरीनं दोन्ही गोष्टी अहवालात लिहिल्या, आणि विजयसिंहांनाही दोन्ही सांगितल्या. ते म्हणाले, "म्हणजे अजून करावंच लागंल की." वत्सलाबाईनं कोंबडखत ताजं टाकायचं सोडून ढीग लावून कुजवायला सुरुवात केली. कोथिंबीर पूर्वीइतकी हिरवी दिसेना, म्हणून ती अजून ईश्वरीवर जराशी रुसलेली आहे.

साखराबाईची गिऱ्हाइकं आधी एक-एक करून आली, मग पूर्वीसारखी. बायका आता दुकानात सुरा उकळलाय का म्हणून विचारतात, आणि ती झाकण काढून पाणी दाखवते. वरून बदलीचं पत्र काही आलं नाही. आलं ते दुसरंच: भाजीपालाही तपासणीत धरावा असं.

पावसाळा सरता सरता ईश्वरीला एक अनोळखी फोन आला. दिंद्रुडहून बद्रीनाथ नावाचा चिकनवाला बोलत होता.

"मॅडम, आमच्याकडं कधी येताव? नांदूरघाटवाल्यांचं तपासलं, आमचं काय वाईट हाय का?"

"तुमच्यात निघालं तर?" ईश्वरीनं विचारलं.

पलीकडं सुरा ओंडक्यावर ठेवल्याचा आवाज आला. मग बद्रीनाथ म्हणाला, "निघालं तर निघालं. ती बाई उठून सांगू शकती, तर आमी काय मेलोय?"

ईश्वरी हसली. बाजाराचा दिवस कुठला ते तिनं विचारून घेतलं आणि बर्फाची पेटी धुऊन उन्हात ठेवायला गेली.